एकेचाळीस उंबरे

टाकी भरलेली असली की गाडी शहाणी असते,
रिकामी असली की उनाड.
पण अर्धी असली, निवातेकाका सांगायचे,
तर मागे एक तिसरा माणूस बसलेला असतो
ज्याला ब्रेक मारलेला उशिरा कळतो.

भांडुपला, खिंडीपाड्याच्या वरच्या अंगाला
पाच हजार लिटर ओतायचं,
उरलेलं पाच हजार खाली, बेकरीमागच्या सोसायटीला.
म्हणजे उतार कायम अर्ध्या टाकीनंच.
मी नुकता किन्नराचा ड्रायव्हर झालो होतो,
खिशात लायसन कडक,
नखांत अजून पाइपाचा गंज.

काकांचा नियम एकच, तंबाखू मळता मळता सांगितलेला:
ज्या गियरात चढलास त्याच गियरात उतर.
डोंगर तोच आहे, बाबा,
तू तोंड फिरवलंस म्हणून तो सपाट होत नाही.

त्या दिवशी ठेकेदाराचे सात मिस्ड कॉल.
चौथी फेरी, डिझेलचा हिशेब,
काका शेजारी डोळे मिटून.
मी दांडा हळूच मोकळा केला. न्यूट्रल.
काय सांगू कसलं सुख होतं ते!
इंजिन गप्प, नुसता टायरांचा आवाज,
कुणीतरी डोक्यावरची पाटी उतरवून घेतल्यासारखं.

पहिल्या वळणाला ब्रेक गोड लागला.
दुसऱ्याला जरा आत गेला.
तिसऱ्याला वास आला,
तव्यावर भाकरीऐवजी चप्पल टाकल्यासारखा,
आणि मागून पाणी आलं.
थाप मारावी तसं नाही.
वरातीत मागची माणसं पुढच्यांना रेटतात, तसं, हसत.

"क्लच," काका म्हणाले. डोळे मिटलेलेच.
मी दाबला.
"सोड. रेस दे. अजून. परत क्लच."
त्यांचा हात माझ्या हातावर, दोघांचा दांड्यावर.
दाढ उपटल्यासारखी ओरडली गियरपेटी
आणि तिसरा पडला.
मग दुसरा.
इंजिन असं बोंबललं
की घराघरांतल्या मांडण्या थरथरल्या,
आणि गाडी, दमलेल्या म्हशीनं बसकण मारावी तशी,
थांबली.

बंपरपासून दीड हातावर
एक मुलगी उंबऱ्यात बसून कंगवा साफ करत होती.
तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.
केसांची गुंडाळी केली, तिच्यावर थुंकली,
गटारात टाकली
आणि आत गेली.

शिवीची वाट बघत बसलो. आली नाही.
काकांनी चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला,
म्हणाले, "चल. वर. पायी."
आणि वर पोचल्यावर, "आता खाली. मोज.
थेट रस्त्यावर उघडणारे उंबरे."
एकावर बोंबील वाळत घातलेले.
एकात म्हातारा, अर्ध्या गालाला फेस.
एकावर पोरगं, पाढे म्हणता म्हणता झोपलेलं.
एकाला कुलूप. मी सोडून पुढे निघालो
तर काकांनी दंड धरला:
"हापण धर. कुलपं संध्याकाळी उघडतात."

एकेचाळीस.

आता काका संगमेश्वराकडे, गावी, गुडघे शेकत.
गाडी माझ्याकडे.
स्पीडचा काटा तीन वर्षं शून्यावर मरून पडलाय.
उताराच्या तोंडाशी पाटी आहे, वीसची,
तिच्यावर कुणी शिकवणीची जाहिरात चिकटवलीय.
मी वरच थांबून दुसरा टाकतो,
पाय ब्रेकवर नुसता टेकलेला,
इंजिन कण्हतं, कण्हू दे,
आणि ओठांतल्या ओठांत मोजत येतो.
अकरा. बारा. बोंबीलवाला तेरा.
मागे एक स्कूटर, पाठीला जेवणाचा चौकोनी डबा:
"ओ टँकर, झोपलास काय?"
सतरा.
कुलूप अठरा.

त्या मुलीचा सदतिसावा.
तिथे आता दुसरंच कुणी राहतं,
दारात तुळशीचा डबा ठेवलाय.
तिथे मी पहिला टाकतो.