पाच कुणगे

दिवाळीचे पोहे संपले,
भात झोडून कणगीत पडलं,
तेव्हा कॅलेंडरचं मागचं पान
जेवणाच्या टेबलावर पसरून
मी पाच चौकोन काढले.

आईनं चष्म्याशिवाय पाहिलं.
"जांभळीकडचो कुणगो असो सरळ ना,
हांगा पोट आसा ताका."
मी रेघ खोडली, पोटाशी वळवली.
शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं
माझ्याकडून कागदावरचा बांध
दुरुस्त करून घेतला.

रोहिदास तारवावरून बोलतो.
तिथं रात्र, मागे भांडी धुण्याचा खणखणाट.
त्याला कलिंगडं हवीत.
हमरस्त्याच्या कडेला ढीग घालायचा,
दोन दिवसांत पैसे मोकळे.
मी म्हटलं, कलिंगडाला रात्रीची राखण लागते,
कोल्हे येतात. कोण बसणार? तू?
अटलांटिकातून बॅटरी मारणार?
तो हसला. मग आवाज तुटला,
की त्यानंच तोडला, कळलं नाही.

मला मिरची हवी होती.
वाळवून ठेवली की वर्षभर भाव मिळतो,
बँकेत बसून मी हे तीनदा मांडून पाहिलंय.
पण मिरची मार्चात पिकते,
दर चार दिवसांनी तोडायची,
आणि त्याच मार्चात दीक्षाला
नववा लागेल.
ती समोरच सुपात अळसांदे निवडत होती.
"मी बसून तोडीन," म्हणाली.
मिरची बसून तोडता येत नाही
हे तिलाही ठाऊक.
आईनं एक किडका दाणा उचलला
आणि बाजूला ठेवला.

लोक म्हणतात, पीक ठरवलं.
आम्ही ठरवत होतो
कोण कधी घरी असेल,
कुणाची कंबर कुठवर वाकेल,
माझ्या रजा किती उरल्यात. अकरा.
अकरा रजांत काय येतं?
मुळा येतो. तांबडी भाजी येते.

मोरांना तर कुणी बोलावतही नाही.
पहाटे येऊन ते आपलं मत देऊन जातात,
रोपाच्या शेंड्यासकट.

तिन्हीसांजेला कायतान मानशीवरून परतताना
दारात उभा राहिला. चप्पल काढली नाही, घाई होती.
खेकड्यांनी खालचा बांध पोखरलाय,
पुनवेच्या भरतीला शापोऱ्याचं पाणी आत येणार,
तुमच्या शेवटच्या कुणग्यापर्यंत तरी.
म्हणजे पाचव्याचा प्रश्न मिटला.
पावसानं धुऊन निघेपर्यंत काही नाही,
मग जूनला कोरगूट, तेवढंच तिथं तगतं.
मी त्या चौकोनात "मीठ" लिहिलं.
हे काही पीक नव्हे, असं वाटलं,
पण आगरवाड्यात बसून
असं कुणी म्हणू नये.
राहू दिलं.

जांभळीकडे अळसांदे. त्यावर कुणी भांडलं नाही.
विहिरीजवळ मिरची, शंभरच रोपं,
तोडीन मी, देठ मोडील दीक्षा,
पाय पसरून, सावलीत.
मधल्यात रताळी,
कुणी नसतानाही जमिनीखाली भरतात ती,
मोरांना पत्ता लागू न देता.
चौथा कोराच राहिला.
बॉलपेनचं टोपण चावत मी झोपायला गेले.

पहाटे रोहिदासचा निरोप:
"एक कुणगो कलिंगडांक दवर.
मार्चांत उतरतां."

आईला वाचून दाखवला.
चुलीत फुंकर घालून ती म्हणाली,
"तुझो बापूय दर पत्रांत उतरतालो."

आणि मग, चहा उतू जाईल हे विसरून,
फडताळाच्या तळातून तिनं एक बाटली काढली.
राख, आणि राखेत काळ्या बिया.
कधी राखून ठेवल्या होत्या, मी विचारलं नाही.
तिनं त्या ताटात ओतल्या,
बोटानं सारून मोजल्या,
चाळीस भरल्या.

"वीस घालतां," म्हणाली,
आणि उरलेल्या वीस
परत राखेत ढकलून
बूच घट्ट लावलं.