बिनसुईचं

रज्जाक मिस्त्रीचं दुकान आणि माझं उपकेंद्र,
मधे एक हातपंप, तोही लहर लागली तर चालणारा.
दुपारी पेशंट नसले की मिस्त्री भिंतीवरून बोलायचा,
"सिस्टर, तुमचा आन् माहा धंदा एकच.
तुमी बी बारीक छेदातून सोडता, मी बी."

मी हसायचे.
माझ्या ट्रेमध्ये पॅकबंद सिरिंजा,
त्याच्या बाकावर रॉकेलात बुडवलेले इंजेक्टर,
ज्यांच्या नोझलचे छेद
उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नसत.
एकच आहे बापा, मी म्हणायचे,
फक्त तुझे पेशंट रडत नाहीत.

सोयाबीन निघायचे दिवस.
दुकानासमोर ट्रॅक्टरांची रांग, थ्रेशरची धूळ,
आणि चरण टेकाम, सतरा वर्षांचा,
टेस्टरचा दांडा दाबत बसलेला.
नोझल किर्र वाजायची, धुकं उडायचं.
धुकं बरोबर फुटतं का,
ते बघायला त्यानं बोट पुढं केलं.

माझ्याकडे आला तेव्हा हसतच होता.
"काई नाई सिस्टर, सुई टोचल्यावानी झालं."
डाव्या हाताची तर्जनी, टोकाला एक ठिपका.
रक्त नाही, दुखणं नाही.
तसले ठिपके त्या दिवशी सकाळपासून
मीच अकरा केले होते.
स्पिरिटचा बोळा, धनुर्वाताचं इंजेक्शन,
रजिस्टरमध्ये नाव.
जा घरी. उद्या दाखव.

रात्री त्याची माय दार वाजवत होती.
बोट फुगून पांढुरकं, ताठ,
आणि माझ्या स्वच्छ खोलीत
डिझेलचा वास.

यवतमाळपर्यंत जीपमध्ये मिस्त्री बोलत राहिला,
चरणकडे न बघता, माझ्याकडेही न बघता.
"सुई कुठं होती जी त्यात?
नोझल आपल्या मनानं उघडत नाई.
मागं दोनशे किलोचा जोर साठते, साठते,
मंग स्प्रिंग हारते.
तवा जे निंगते ते तेल नसते.
खिळा असते."
मग थोड्या वेळानं,
"म्या त्याले सांगतलं होतं."
मग आणखी थोड्या वेळानं,
"सांगतलं नोतं."

डॉक्टरांनी बोट उभं चिरलं.
तेल पार तळव्यापर्यंत पोचलेलं.
विचारलं, आधी कोणी पाहिलं होतं?
मी पाहिलं, मी म्हणाले.
किती वाजता?
दोन वाजता.
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि लिहिलं.

त्यानंतर कितीतरी दिवस
मी सिरिंज हातात धरून बघत बसायचे.
मागं काय आहे हिच्या?
माझा अंगठा.
बाळ किंचाळलं की हळू होणारा,
बुडबुडा दिसला की थांबणारा,
चुकलं वाटलं तर सुई बाहेर काढणारा.
बस. एवढंच.
पण त्या दोन वाजता माझा अंगठा तरी
कुठे थांबला होता?

मिस्त्रीनं टेस्टरपुढं पत्रा ठोकलाय,
वर खडूनं लिहिलंय, बोट नाही.
पावसाळ्यात खडू पुसला जातो,
तो परत लिहितो. भिंतीवरून बोलतो अजून,
धंद्याचं मात्र काढत नाही.

काल चरण आला, लेकीला घेऊन,
दीड महिन्याची, पहिल्या डोसाला.
तिची मांडी धरली त्यानं,
चार बोटांनी आणि एका अर्ध्यानं.
"हळू, सिस्टर."
हळूच, मी म्हणाले.
अर्धा मिली, अंगठ्याखाली सरकत गेलं.
या नव्या सिरिंजा एकदाच चालतात,
शेवटाला दट्ट्या आत अडकतो,
कट् वाजतं.

पोरगी रडायची थांबली होती.
दचकला तो.