अधिक चार अंश

मुसफ्फाच्या मागच्या गल्लीत आमचं शीतगृह.
बाहेर रात्री अकरालाही अडतीस,
हवा ओल्या गोणपाटासारखी तोंडावर बसते.
आत दोन खोल्या:
उणे अठरात ब्राझीलची कोंबडी,
अधिक चारात दही, लबन, लेबनॉनची द्राक्षं
आणि मे महिन्यापासून कप्पा सातवर
पारदर्शक नळीत, काळ्या फडक्यात गुंडाळलेला
दीड हात चिखल.

पावतीवर लिहिलंय: गाळ, तळ्याचा, ध्रुवाजवळचा.
मूल्य शून्य दिरहॅम.
गुलरेज फोर्कलिफ्टवरून उतरून बघून गेला,
म्हणाला, चिखलाला वातानुकूलित आणि आपल्याला पंखा.

डॉक्टर इब्तिसाम गुरुवारी येतात,
अबायावर आमचंच जाड जॅकेट चढवतात,
फडकं सोडून नळीशी वाकतात.
पहिल्याच दिवशी म्हणाल्या, गोठवायचं नाही. जिवंत आहेत.
कोण?
त्यांचं बोट नळीवरून खाली सरकलं.
हा हिरवट पापुद्रा, बर्फातून गाळून येणाऱ्या उन्हाचा.
इथं काळं होतं, हवा संपली.
त्याखाली जे राहतात त्यांना ऊन माहीतच नाही.
गंधकावर, लोखंडावर श्वास काढतात,
वरून जे मेलेलं पडेल त्यावर भागवतात.
एकाचे दोन व्हायला कधी वर्ष लागतं,
कधी शंभर.

शंभर!
मी हिशेब घातला, हाडाची सवय:
आजोबा बोटीवर खलाशी होऊन बसऱ्याला गेले
तेव्हा जो एक होता
तो आत्ता कुठे दोन व्हायचा विचार करत असेल.
आमच्यात तेवढ्यात एकाचे सत्तेचाळीस झाले
आणि त्यातले निम्मे आखातात.

ऑगस्टच्या चौदाला, पहाटे दोन चाळीसला
दोन नंबरचा कॉम्प्रेसर बसला.
आवाज थांबल्यावर कळतं, आवाज होता.
चार. पाच. साडेसहा.
वर्गीसचा फोन बंद.
गुलरेजनं दह्याचे ट्रे ओढायला घेतले,
दह्याला मालक आहे, ओरडणारा.
आणि मी, का ते विचारू नका,
आधी नळी उचलली.
काठोकाठ भरलेला रश्श्याचा टोप
लग्नघरात पंगतीपर्यंत नेतात तशी,
उभी, श्वास धरून.

टोपणाजवळची पट्टी सुटली होती.
वास आला.
सडक्या अंड्याचा म्हणेल कुणी.
मला आला ओहोटीचा.
बाणकोटच्या खाडीत गुडघाभर रुतून
चिंबोरीच्या बिळात हात घालताना
नाकाशी येतो तोच, हुबेहूब.
त्या वासानं घरी आलो की आई
उंबऱ्याबाहेरच उभं करून बादली ओतायची,
खाडी घरात आणू नको म्हणायची.

इथं सगळे ह्या समुद्रालाच खाडी म्हणतात, हिंदीतून.
मी आखात म्हणतो.
खाडी म्हटलं की माझे पाय काळे होतात.

लबनच्या थंड ट्रकमध्ये
साडेपाचपर्यंत उभा होतो, नळी छातीशी.
अधिक चार. बोटं माझी नव्हतीच.
ड्रायव्हर नेपाळी, रेशम नावाचा,
त्यानं विचारलं, आत काय आहे?
म्हटलं, माणसं नाहीत.
त्याला ते उत्तर पुरलं.
दाराच्या फटीतून उजाडायला लागलं
तेव्हा मी पाठ त्या बाजूला केली.
फडकं गडबडीत कप्प्यावरच राहिलं होतं.
वरच्या हिरव्यांना उजेड चालला असता कदाचित.
खालच्यांना विचारणार कसं?

नोंदवहीत मी साडेसहा लिहिलं.
गुरुवारी डॉक्टरांनी वाचलं, मान हलवली.
अडीच अंशांनी फार बिघडत नाही, म्हणाल्या,
त्यांना ते कळायलाच वर्षं जातील.

सव्वासात झालं होतं.
मी अजून सांगितलेलं नाही.
नळीतूनही कुणी काही बोललेलं नाही.