क्रोच्या माळावर

ओनोरा म्हणतो, पाय टाकण्याआधी दगडाला विचार.
सकाळपासून मिस्त्राल वारा कानात वाळू भरतोय
आणि आर्लच्या या सपाटीवर दगडच दगड,
मुठीएवढे, मेंढीच्या डोक्याएवढे,
त्यांतला एखादाच श्वास घेणारा.

पंख आहेत म्हणायला. उडता येत नाही.
ससाण्याची सावली अंगावरून गेली
की हा टोळ पळत नाही,
दगड होतो.

माझ्या वहीत त्याच्यासाठी शब्द आहे: अतिसंकटग्रस्त.
मी तो ओनोराला त्याच्या भाषेत वाचून दाखवला.
त्यानं जिभेवर घोळवला,
कडू बी असावं तसा बाजूला थुंकला.
"आजोबांकडे याला नावच नव्हतं.
जे ढिगानं असतं
त्याला कोण नावं ठेवत बसणार?"

मेंढ्यांच्या घंटा लांब गेल्या,
थाईमचा वास तेवढा मागे राहिला.
सहा दिवस, गुडघे सोललेले, अकरा टोळ.

बारावा मोजला तो दगड निघाला.
खोडायला पेन्सिल उलटी धरली,
तर ओनोरानं मनगट धरलं.

थांब जरा, म्हणाला.
वारा पडू दे.