सहजच

वकीलबाईंनी पाठवलेली यादी मी भिंतीवर चिकटवली,
एसीच्या रिमोटशेजारी.
विचारू नये : जात, धर्म, लग्न, मुलाबाळांचा बेत.
विचारावं : अनुभव, पत्ता, रात्रपाळी जमेल का.
खाली आगटे साहेबांनी सही ठोकली, तारीख घातली,
आणि पेनाला टोपण लावलं.

तेव्हापासून मला टोपणाचा आवाज ओळखू येतो.
टक.
म्हणजे मुलाखत संपली,
म्हणजे आता चहा येणार,
म्हणजे साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणणार,
"सहजच विचारतो हं…"

सहजच, मूळ गाव कुठलं?
औसा? अरे वा. औशात कुठे?
याच्या पुढचं कुणी विचारत नाही.
पुढचं असं विचारतात :
"मग पाटलांना ओळखत असाल."
प्रज्वल धेंडे म्हणाला, ओळखतो की सर,
आजोबा त्यांच्याकडे सालगडी होते.
नंतर कुणाला काही सुचेना.
त्याच्या चहावर साय धरली.
शेऱ्यात मी लिहिलं : संवादकौशल्य, ठीक.

सहजच, कोंढवा म्हणजे नक्की कुठे?
एनआयबीएमच्या बाजूला, की मिठानगरच्या?
पत्ता विचारायला काहीच हरकत नाही.
पत्ता यादीत आहे, विचारावं खाली, दुसरा.
या शहरात पत्ता नीट विचारता आला
की बाकीची यादी लागतच नाही.

नऊ वर्षांपूर्वी त्या खुर्चीत मी होते.
निगडीहून दोन बस बदलून आलेली,
बहिणीचा सैल कुर्ता, तिसरा महिना.
टक.
सहजच, पाळणा वगैरे इतक्यात नाही ना?
मी म्हटलं, छे हो सर.
इतकं पटकन म्हटलं
की भोसरीच्या स्टॉपवर उलटी झाली तेव्हा
वाटलं, तिनं ऐकलं.
लेक आता तिसरीत आहे.
पाढे म्हणते, वाद घालते.
माझ्या नोकरीत तू नव्हतीस
हे तिला सांगायचं राहून गेलंय.

आज तस्लीम अत्तार.
क्वालिटीची जागा, गिअरचा विभाग.
मायक्रोमीटर हातात घेतला तो आधी शून्यावर आहे का
हे बघून घेतलं तिनं, न सांगता.
पाच मायक्रॉनची चूक पकडली,
ती चूक आमचीच होती.
साहेब खूश. टक.
"सहजच विचारतो हं,
रात्रपाळीला घरून परवानगी आहे ना?"

ती म्हणाली, रात्रपाळी जमेल का
हे मघाशी विचारलंत, मी हो म्हटलं.
हा तोच प्रश्न आहे, का दुसरा?
मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात,
"मॅडम, हे लिहिताय ना?"

लिहीत नव्हते.
माझ्याही पेनाला टोपण होतं.
नऊ वर्षांत पहिल्यांदा कळलं
की काढतानाही तो तसाच वाजतो.
चार वाजून दहा मिनिटं.
प्रश्न, अवतरणचिन्हांत, 'सहजच'सकट.
कुणी विचारला, तेही.

सहा वाजता साहेब फाईल घेऊन माझ्या टेबलाशी.
"हे कशाला लिहिलंत?"
मी म्हटलं, सहजच.

ते हसले नाहीत. ओरडलेही नाहीत.
फाईल ठेवून गेले.
सहीची जागा कोरी आहे,
तिला नोकरी मिळेल का, मला माहीत नाही,
माझी राहील का, तेही.

पॅन्ट्रीत रोहिदास कप विसळतोय.
सात वर्षं त्याच्या हातचा चहा पिते.
त्याला मी कधी मूळ गाव विचारलं नाही,
आडनावसुद्धा नाही.
तरी मला ठाऊक आहे.
कसं, ते आठवत नाही.