माशापर्यंत

वाल्पाराइसोच्या आमच्या टेकडीला दोन लाकडी डबे आहेत,
एकाच दोराला बांधलेले.
एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो.
मी त्यांच्या चाकांना ग्रीस लावतो, एकवीस वर्षं झाली.
एर्मिनिया खालच्या खिडकीत बसून तिकिटं देते,
दिवसभर लोकांना वर पाठवते.
संध्याकाळी स्वतः जायची शेवटच्या डब्यातून,
कोपऱ्यातल्या बाकावर, दोघांच्या जागेत एकटी.
कुणी काही बोलायचं नाही.
बाक मात्र बोलायचा.

मार्चमध्ये दवाखान्यातल्या पोरसवदा नर्सनं
तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला,
सोडला, पुन्हा गुंडाळला.
गोळ्या दिल्या, आणि एक छापील कागद:
उकडलेला कोबी, उकडलेली कोंबडी,
सोमवारपासून.
एर्मिनियानं त्याची घट्ट घडी घातली
आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली.
"निदान टेबलाचं तरी भलं होऊ दे."

असे कागद तिनं पाळले होते पूर्वी.
अननसाचा पंधरवडा. सूपचा महिना.
बहिणीच्या लग्नाआधी तर नुसतं पाणी, आणि चर्चमध्ये भोवळ.
प्रत्येक वेळी गेलेलं वजन परत आलं,
येताना पाहुणे घेऊन.

एप्रिलात दोर बदलायचा होता.
अकरा दिवस डबे बंद. दोर मीच उतरवला,
म्हणजे पुढचं सगळं माझ्यामुळेच झालं, असं मी सांगत फिरतो.
घर वर, खिडकी खाली,
मध्ये एकशे शहाऐंशी पायऱ्या.
पहिल्या संध्याकाळी ती पाच ठिकाणी थांबली.
पहिला थांबा: भिंतीवर रंगवलेला निळा मासा,
चाळिसाव्या पायरीपाशी.
तिथं माशाच्या डोळ्यावर तळहात टेकून
ती इतका वेळ उभी राहिली,
की रस्त्यावरचं एक कुत्रं तिच्या पायाशी झोपून गेलं.

बाराव्या दिवशी डबा सुरू झाला.
मी दार धरून उभा.
तिनं डब्याकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं.
"थांब जरा. मासा बघून येते."
गेली, आली, आणि मग बसली डब्यात,
धापा टाकत, रागावल्यासारखी.
मे महिनाभर तेवढंच. माशापर्यंत आणि परत.
जूनमध्ये सुलेमाच्या फाटकापर्यंत.
समुद्रावरून धुकं चढायचं, तिच्याहून भरभर,
त्यात ती दिसेनाशी व्हायची,
नुसता श्वास ऐकू यायचा.

संध्याकाळच्या चहाला आमच्याकडे पाव असतो,
चार तुकडे जोडलेला, माराकेता.
ती चारही खायची, अ‍ॅव्होकाडो चोपडून, वर मीठ.
आता तीन.
अ‍ॅव्होकाडो तसाच, मीठ चिमटीत मावेल तेवढं.
पोटाला चिमटा नाही घेतला तिनं,
फक्त चौथा तुकडा मोडून
रुमालात बांधून माझ्याकडे सरकवायची.
साखर तीन चमचे होती, दोन झाली,
दीडवर बरेच आठवडे अडून बसली.

सप्टेंबरात पतंग आले, सुट्ट्या आल्या.
पाच दिवस ती एम्पानाडा खात होती,
तळलेल्या, भाजलेल्या, सुलेमाच्या, स्वतःच्या.
पायऱ्यांकडे फिरकली नाही.
मला वाटलं, संपलं.
सहाव्या दिवशी आली आणि चढायला लागली,
माफी नाही, शपथ नाही,
काल रात्रीची भांडी सकाळी घासावीत तशी.

पुन्हा मार्च आला.
नर्सनं पट्टा एकदाच गुंडाळला.
बाकीचं औषधाच्या दुकानातल्या काट्यानं
एक नाणं घेऊन सांगितलं:
नऊ किलो.
"वर्षाचे नऊ?" सुलेमा हसली. "माझ्या मांजरीचेसुद्धा..."
एर्मिनियानं उत्तर दिलं नाही, ती वर निघाली होती,
एकशे शहाऐंशी, एक थांबा.

मी पट्टा आवळायला गेलो त्या दिवशी,
तर नेहमीचं भोक पोचेना. पुढचंही नाही.
वर्षभराचे चौथे तुकडे
कुठं जाणार होते?
एकवीस वर्षं दोराशी घालवलेल्या माणसाला
एवढं तरी कळायला हवं होतं.

तिनं खिडकीतून पाहिलं माझ्याकडे, हसली नाही.
रुमाल आज रिकामा होता.
"उद्या साडेसहाला," म्हणाली,
"फक्त माशापर्यंत."