गोवरसाहेब

नाव सिडनी गोवर. आम्ही पोरं ओरडायचो,
"गोवर आला, कडुनिंब आणा!"
तो टोपी काढून एकेकाला सलाम करायचा.
विहितगावात, आमच्या मागच्या खोलीत
दीडशे रुपये भाड्यानं राहायला आला तेव्हा
साठी उलटली होती त्याची.
देवळालीच्या लष्करी दवाखान्यात जन्मलो, म्हणाला.
एवढाच पुरावा, एवढंच नातं.

भाड्याची पावती फाडून झाल्यावर अण्णांना त्यानं
स्वतःहून सांगितलं. तिकडे, लीड्सजवळ,
बँकेची गाडी. सात जण. एकवीस मिनिटं.
मग एकोणीस वर्षं.
अण्णांनी पावती परत मागितली नाही.
आईला सांगितलं ते तिसऱ्या दिवशी,
तेही ती भाकरी थापत असताना,
म्हणजे हात गुंतलेले असताना.

अण्णा नोटप्रेसमध्ये. दिवसभर लाखो मोजायचे
आणि संध्याकाळी फाटकात हात वर करून उभे राहायचे.
खिसे, मोजे, डब्याचं झाकण.
गोवर कधीकधी सुटीच्या भोंग्याला तिथे जाऊन बसायचा,
समोरच्या टपरीवर, कटिंग घेऊन.
पोलिसांनी दोनदा हटकलं.
काय बघतोस रे तिथे? अण्णांनी विचारलं.
त्याचं हिंदी मोडकं, आमचंही तसंच.
म्हणाला, इतकी माणसं. रोज. रिकामी घरी जातात.
मला एकवीस मिनिटं जमलं नाही ते.

लंडनहून एक बातमीदार आला, कॅमेऱ्यासकट.
उरलेले पैसे कुठे आहेत, एवढंच त्याला हवं होतं.
गोवरनं खोली दाखवली:
स्टोव्ह, बादली, भगूरच्या बाजारातली घोंगडी.
वकील, म्हणाला. मग बायको. मग बायकोचा वकील.
बातमीदार हिरमुसला,
जाताना आमच्या तुळशीचा फोटो काढून गेला.

रोहिणीताईच्या लग्नाच्या सकाळी कपाटाची किल्ली हरवली.
आत पाटल्या, एकदाणी, शालू. मुहूर्त अकराचा.
चावीवाला नाशिकरोडला, दुकान दहाला उघडणार.
सगळ्यांना एकच नाव सुचलं, कुणी घेतलं नाही.
शेवटी अण्णाच उठले.
तो आला. कुणी बाहेर जाऊ नका, म्हणाला, बघत राहा.
आईच्या अंबाड्यातला एक आकडा मागितला.
डोळे मिटून कपाटाला कान लावला,
कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकावं तसा.
खट् झालं तशी पाठ फिरवली,
दार आम्हीच उघडावं म्हणून,
आणि भिंतीकडे बघत आकडा सरळ करत राहिला.

रात्री आईनं आपले दागिने मोजले.
सगळे होते. पुन्हा मोजले.
मागच्या खोलीची खिडकी उघडी होती, दिवा मालवलेला,
आणि सोन्याला आवाज असतो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली.
तो आमच्या दाराशी येऊन नुसता उभा राहायचा.
कडी वाजवणं नाही, हाक नाही.
आई म्हणायची, कानोसा घेतोय मेला.
दार तर लोटलेलंच असायचं.
कुठलीही तिजोरी चालली असती,
पण साधं दार त्याच्याच्यानं ढकलवत नसे;
एकोणीस वर्षं ते दुसऱ्याच कुणीतरी उघडलं होतं.

तो गेला त्या फेब्रुवारीत
देवळालीच्या कब्रस्तानाचं फाटक बंद होतं,
रखवालदार जेवायला गेलेला.
अण्णा, पाद्री, प्रेसमधले चौघे आणि मी
पेटी खाली ठेवून उन्हात थांबलो.
कुलूप जुनं होतं, हलकं.
पाद्री म्हणाला, तोडायचं का?
नको, अण्णा म्हणाले. थांबू.
त्याला घाई नाही.